शितावरून भाताची परीक्षा

शितावरून भाताची परीक्षा करावी असें आपल्याकडे पूर्वापार सांगत आले आहेत, आणि शास्त्रकारांनीं त्यालाच स्थालीपुलाकन्याय असें भारदस्त नांव दिलें आहे. ज्या घरांत रोज भात शिजतो त्या घरांत या न्यायाविषयीं कोणी शंका घेत नाहीं. परंतु हाच न्याय स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडून माणसांवर, समाजांवर व गतकालावर चालविला जातो, तेव्हां त्याचें रूप पालटतें. एक शीत चेपून भात झाला असें म्हणणारी गृहिणी आणि एक चोर पाहून सारी जमात चोर ठरविणारा अधिकारी, या दोघांचा तर्क बाह्यतः एकाच साच्याचा आहे. मग पहिली शहाणी कां, आणि दुसरा अन्यायी कां? या शतकाच्या आरंभीं गणितशास्त्रांत, अल्प मापांवरून समग्र वस्तु परत मिळविण्याची जी विद्या उदयास आली, तिनें या जुन्या प्रश्नावर अनपेक्षित प्रकाश पाडला आहे. त्या प्रकाशांत तो पाहण्याचा आमचा विचार आहे.

प्रश्न केवळ तर्कशास्त्राचा नाहीं हें ध्यानांत राहावें म्हणून एक स्थळ डोळ्यांपुढें ठेवूं. भंडारा जिल्ह्यांत, तुमसर तालुक्यांत, एका टेकडीवर आंबागड नांवाचा किल्ला आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याच्या पदरचा सुभेदार राजाखान पठाण यानें इ. स. १७०० च्या सुमारास तो बांधविला. पुढें तो नागपूरकर भोसल्यांकडे आला व त्यांनीं त्याचा उपयोग बंदिशाळेसारखा केला. इंग्रजी अमदानींतील जिल्ह्याच्या गॅझेटियरांत याच्या जोडीला आणखी एक गोष्ट सांगितली आहे ती अशी कीं, येथें धाडलेल्या कैद्यांना आंतल्या किल्ल्यांतील विहिरीचें साचून दूषित झालेलें पाणी प्यावें लागे व त्यानें ते मरत. बांधणाऱ्याचें नांव आहे, धन्याचें नांव आहे, सनही आहे. मरणाऱ्यांच्या वांट्याला मात्र एक विहीर आली. आपल्या हातीं शितें आहेत तीं इतकींच. त्यांवरून आंबागडचा भात कसा ठरवावयाचा?

आतां प्रथम मापांचें शास्त्र काय सांगतें तें पाहूं. बदलत्या वस्तूचें माप किती वेळां घ्यावें याचा एक नियम विसाव्या शतकांत ठरून गेला होता. हॅरी नायक्विस्ट यानें १९२८ सालीं त्याचा पाया घातला व क्लॉड शॅनन यानें १९४९ सालीं त्याला काटेकोर रूप दिलें. ध्वनींतील अतिजलद कंपन सेकंदाला जितक्या वेळां होतें, त्याच्या दुपटीहून अधिक वेळां माप घेतलें तर मूळ ध्वनि जसाच्या तसा परत मिळतो. त्याहून कमी घेतलें तर एका कंपनाच्या जागीं दुसरेंच कंपन त्याचें सोंग घेऊन उभें राहूं शकतें. माणसाचा कान सेकंदाला सुमारें २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो; म्हणून कॉम्पॅक्ट डिस्कवर गाणें नोंदतांना सेकंदाला ४४,१०० मापें घेतात. हा सावध माणसाचा नियम आहे. वस्तु कशी असेल याविषयीं त्यांत फार थोडें गृहीत धरलेलें आहे, आणि म्हणूनच त्याला मापें भरपूर लागतात.

२००४ ते २००६ या काळांत इमॅन्युएल कँडेस, जस्टिन रॉम्बर्ग व टेरेन्स टाओ यांनीं, तसेंच स्वतंत्रपणें डेव्हिड डोनोहो यांनीं, या सावधपणाला एक प्रश्न विचारला. आजचा कॅमेरा लक्षावधि बिंदूंचें चित्र टिपतो आणि तें साठवितांना त्यांतील बहुतेक माहिती टाकून देतो; तरी पाहणाऱ्याला फरक कळत नाहीं. मग जें टाकूनच द्यावयाचें, तें मोजण्याचा खटाटोप हवा कशाला? या प्रश्नांतून निघालेल्या विद्येला कॉम्प्रेस्ड सेन्सिंग म्हणतात. तिच्या पहिल्याच उदाहरणांपैकीं एकांत, मानवी मस्तकाच्या छेदाची नक्कल असलेली ५१२ गुणिले ५१२ बिंदूंची आकृति होती. तिच्या कंपनांच्या नकाशांत मध्यापासून पसरलेल्या अवघ्या २२ रेषांवर मापें घेतलीं होतीं, आणि तेवढ्यांवरून ती आकृति तंतोतंत परत मिळाली. जुन्या रीतीनें तीच मापें वापरलीं तर चित्र रेघोट्यांनीं भरून जात असे.

यांत जादू नाहीं. थोड्या मापांशीं जुळणारीं चित्रें असंख्य असतात. त्यांतून सर्वांत साधें, म्हणजे कमींत कमी घटकांनीं बनलेलें चित्र निवडावयाचें, एवढीच युक्ति आहे. आपले नैयायिक दोन कल्पनांपैकीं कमी भाराची कल्पना पत्करतात व तिच्या गुणाला लाघव म्हणतात. तेंच हें लाघव. परंतु गणितानें या लाघवाला दोन अटी घातल्या आहेत. पहिली अशी कीं, वस्तु खरोखरच विरल असली पाहिजे; म्हणजे योग्य भाषेंत मांडल्यास तिचे थोडेच घटक महत्त्वाचे व बाकीचे नगण्य असले पाहिजेत. दुसरी अशी कीं, मापें एका कोपऱ्यांतून उचललेलीं नसावींत. प्रत्येक मापांत समग्र वस्तूचा कांहीं ना कांहीं अंश मिसळलेला असावा.

आतां गृहिणीकडे पुन्हा पाहिलें म्हणजे तिचें शहाणपण उलगडतें. सारा तांदूळ एका जातीचा, एका पाण्यांतला, एका आंचेवरचा असतो. ही पहिली अट झाली. शिवाय ती शीत काढण्यापूर्वीं पळीनें भात वरखालीं करते, ही दुसरी. तिची परीक्षा शितावर चालते असें आपण म्हणतों, पण तिचा खरा आधार ती ढवळणारी पळी आहे. बुडाला करपलेला व वर कच्चा राहिलेला भात न ढवळतां तपासला, तर एक शीत काय आणि शंभर शितें काय, सारींच खोटी साक्ष देतील.

अल्पावरून समग्राचें अनुमान करूंच नये, पुरतें मोजल्याखेरीज बोलूंच नये, असें कोणी म्हणेल तर त्याशींही आम्ही सहमत नाहीं. एम. आर. आय. यंत्रांत रोग्याला बराच वेळ निश्चल पडून राहावें लागतें. लहान मुलाला तें साधत नाहीं. त्याला गुंगी द्यावी लागते, आणि गुंगीला स्वतःचे धोके असतात. २००७ सालीं मायकेल लस्टिग, डोनोहो व जॉन पॉली यांनीं ही विद्या त्या यंत्रास लावून दाखविली, व पुढें मुलांच्या तपासणींतही तिचा उपयोग होऊं लागला. मापें कमी झालीं म्हणजे यंत्रांतला वेळ कमी झाला. येथें अनुमान ही दया आहे. भरपूर मापांचा आग्रह धरणारा नेहमींच सत्याचा कैवारी असतो असें नाहीं. कित्येकदां त्या आग्रहाची किंमत दुसऱ्याच्या देहानें चुकती होत असते.

परंतु जें लाघव तारतें तेंच बुडवितेंही. याचें उदाहरण आपल्या महाराष्ट्रांतच आहे. पुणें जिल्ह्यांत नारायणगांवाजवळ खोडद येथें, गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानें उभी राहिलेली जी. एम. आर. टी. ही रेडिओ दुर्बीण आहे. तिच्यांत प्रत्येकीं ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारें २५ किलोमीटरांच्या परिसरांत पसरल्या आहेत. पंचवीस किलोमीटर रुंदीची एकसंध तबकडी कोणालाच बांधतां येणार नाहीं. म्हणून दोन दोन तबकड्यांच्या जोड्या जुळवून आकाशाच्या चित्राचे तुकडे गोळा करावयाचे. तीसांच्या जोड्या होतात ४३५. पृथ्वी फिरते तसतशा त्यांच्या दिशा बदलतात व आणखी तुकडे मिळतात. तरीही बरीच जागा रिकामी राहते, आणि ती भरण्यास गृहीत लागतें. यान ह्यॉगबोम यानें १९७४ सालीं सुचविलेली, आणि अशा दुर्बिणींवर सर्वत्र रूढ झालेली क्लीन नांवाची पद्धति असें गृहीत धरते कीं, आकाश मूलतः रिकामें असून त्यांत मोजके तेजोबिंदु आहेत. जेथें आकाश तसें आहे तेथें ती उत्तम चालते. पण जेथें मंद तेज धुक्यासारखें विस्तीर्ण पसरलेलें असतें, तेथें ही पद्धति अडखळते. त्याचे खोटे ठिपके करते किंवा त्याला वगळते. म्हणून पुढें तींत सुधारणा कराव्या लागल्या. प्रखर व एकवटलेलें असेल तें सांपडावें, मंद व विखुरलेलें असेल तें हरवावें, ही या लाघवाची अंगभूत ओढ आहे.

आकाशांतील तेज हरवलें तर कोणाचें घर बुडत नाहीं. माणसांच्या बाबतींत काय होतें तें पाहण्यास एक सोपें गणित पुरेल. दुसऱ्या महायुद्धांत, १९४३ सालीं, अमेरिकन सैन्यांत भरती होणाऱ्यांचें रक्त तपासण्यासाठीं रॉबर्ट डॉर्फमन यानें सुचविलें कीं, अनेकांचे नमुने एकत्र करून तपासावे. मिश्रण निर्दोष निघालें तर सारे एकदम सुटतील, आणि सदोष निघालें तरच एकेकाची तपासणी करावी. २०२० सालच्या कोरोनाच्या सांथींत मुंबईच्या आय. आय. टी.मधील मनोज गोपालकृष्णन, अजित राजवाडे व त्यांचे सहकारी यांनीं कॉम्प्रेस्ड सेन्सिंगच्या आधारें टॅपेस्ट्री नांवाची पद्धति रचली. तींत एकेक नमुना अनेक मिश्रणांत घालून, मिश्रणांच्या निकालांवरून रोगी ओळखावयाचे असतात. हिचें बालरूप असें: पंधरा माणसें आहेत व त्यांत फार तर एक रोगी आहे. त्यांना १ ते १५ असे क्रमांक द्यावे. प्रत्येक क्रमांक १, २, ४ आणि ८ यांपैकीं निवडक संख्यांची बेरीज म्हणून एकाच रीतीनें मांडतां येतो. चार भांडीं घेऊन त्यांना याच चार संख्यांचीं नांवें द्यावीं, आणि ज्याच्या बेरजेंत जी संख्या येते त्याचा नमुना त्या त्या भांड्यांत घालावा. सदोष निघालेल्या भांड्यांची बेरीज केली कीं रोग्याचा क्रमांक हातीं येतो. पंधरांऐवजीं चार तपासण्यांत काम झालें.

आतां समजा, रोगी एक नसून दोन आहेत, पहिला व दुसरा. तेव्हां १ आणि २ हीं दोन भांडीं सदोष निघतात, त्यांची बेरीज ३ होते, आणि तिसरा माणूस रोगी ठरतो. तो पूर्ण निरोगी आहे. खरे दोघे सुटले, निर्दोष असलेला पकडला गेला. आणि भांड्यांच्या निकालांत विसंगतीचें कोठेंही चिन्ह नाहीं! मापांत चूक नाहीं, बेरजेंत चूक नाहीं. चूक आहे ती ‘फार तर एक’ या तीन शब्दांत, जे मोजण्यापूर्वींच उच्चारले गेले होते. अल्प मापांच्या विद्येंतील नीतीचा सारा प्रश्न या तिसऱ्या माणसाचा आहे. बचत आपली झाली. जोखीम त्याच्या माथीं बसली.

हा तिसरा माणूस गणिताच्या पाटीवरच राहिला आहे असें नाहीं. १८७१ सालीं या देशांत गुन्हेगार जमातींचा कायदा झाला आणि कांहीं जमातींत जन्मणें हाच संशयास पुरेसा आधार झाला. नांवनोंदणी, हजेरी, गांव सोडण्यास परवाना, हें सारें त्यांच्या नशिबीं आलें. हा कायदा स्वराज्यांत १९५२ सालीं रद्द झाला. त्याच्या मुळाशीं असलेला तर्क पाहावा. कांहीं माणसांवरून जमात मोजली. म्हणजे माणसांचा समूह भातासारखा एकजिनसी मानला. आणि मापें कोठलीं घेतलीं? जेथें पोलिसांची नजर आधींच रोखलेली होती तेथलीं. पळी फिरलीच नाहीं. दोन्ही अटी मोडल्या होत्या, आणि तरीही निष्कर्षाला शास्त्राचा वेष होता. आमच्या आरंभींच्या प्रश्नाचें उत्तर येथें मिळतें. गृहिणी व तो अधिकारी यांचा तर्क एक नव्हताच. त्यांचें वाक्य तेवढें एक होतें.

तरीही कोणी म्हणेल कीं, ज्याचें माप मिळत नाहीं तें नाहींच असें धरून चालण्यावांचून व्यवहारांत गत्यंतर काय? याचें उत्तर आपल्या दर्शनकारांनीं फार पूर्वीं देऊन ठेवलें आहे. भाट्ट मीमांसकांनीं अनुपलब्धि हें स्वतंत्र प्रमाण मानलें: भूतलावर घट दिसत नाहीं, म्हणून घट नाहीं. परंतु त्यांनीं तिला योग्यतेची अट घातली. घट असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिति असेल तरच न दिसणें हा नसण्याचा पुरावा होतो. अंधारांत घट दिसला नाहीं, म्हणून घट नाहीं असें म्हणतां येत नाहीं. आधुनिक गणितानें जी अट मापांना घातली, तिच्याशीं ही अट किती जवळची आहे! न मोजलेल्या जागीं शून्य लिहिण्याचा अधिकार मापांच्या योग्यतेनें मिळतो. मोजणाऱ्याच्या सोयीनें मिळत नाहीं.

ही कसोटी घेऊन आंबागडाकडे वळूं. राजे, सुभेदार व सन यांच्या नोंदी हीं इतिहासाचीं मापें खरीं; पण तीं वरच्या थरांतून उचललेलीं मापें आहेत. दप्तर धन्याचें, लेखणी धन्याच्या चाकराची, आणि नोंदीचा हेतु वसूल, फौज व मालकी. अशा मापांना लाघवाचा न्याय लावला कीं जो इतिहास परत मिळतो त्यांत दोनचार प्रखर बिंदु असतात व भोंवतीं काळोख असतो. आणि वाचक त्या काळोखाला रिकामी जागा समजतो. त्या विहिरीचें पाणी प्यालेले लोक या चित्रांतील मंद तेज होत. त्यांचीं नांवें नोंदलीं जाण्याजोगी परिस्थितीच तेथें नव्हती. म्हणून नांवें नसणें ही त्यांच्यापुरती योग्य अनुपलब्धि नाहीं. त्यांच्या जागीं शून्य लिहिणें हा तर्कदोष तर आहेच, शिवाय तो दुसऱ्यांदां केलेला अन्यायही आहे.

परंतु याच्या उलट टोकाचा मोहही ओळखला पाहिजे. विहिरीचें एक वाक्य मिळालें म्हणून शेंकडों कैदी, त्यांचे आक्रोश व क्रूर किल्लेदार यांचें रंगीत चित्र उभें करणें, हाही शितावरून भात करण्याचाच प्रकार आहे. फरक इतकाच कीं येथें लाघवाऐवजीं गौरव बोकाळलें. ज्या यंत्रांना पूर्वीं पाहिलेल्या हजारों चित्रांवरून उणें चित्र पूर्ण करण्यास शिकविलें आहे, त्यांच्यांतही हा दोष आढळला आहे. २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत वेगार्ड आंटुन, अँडर्स हॅन्सन व त्यांचे सहकारी यांनीं दाखविलें कीं, अशा यंत्रांना दिलेल्या मापांत नगण्य फेरफार झाला तरी त्यांच्या चित्रांत नसलेल्या आकृति उमटूं शकतात, आणि असलेला बारीक तपशील पुसला जाऊं शकतो. असलेलें पुसणें आणि नसलेलें रेखाटणें, हीं एकाच अधीरपणाचीं दोन अपत्यें आहेत.

मग मार्ग कोणता? आमच्या मतें तीन कर्तव्यें निघतात. पहिलें, आपलें गृहीत निकालाच्या शेजारीं लिहावें. ‘तिसरा माणूस रोगी आहे’ असें न म्हणतां ‘रोगी एकच असेल तर तो तिसरा’ असें म्हणावें. या एका ‘तर’ शब्दांत त्याची अब्रू सुरक्षित राहते. दुसरें, ज्यांना निकालाचा मोह आहे त्यांनीं परस्परांपासून अलग राहून तोच निकाल काढून पाहावा. २०१९ सालीं एम ८७ या दीर्घिकेच्या मध्यावरील कृष्णविवराची छाया जगानें पाहिली, तेव्हां तें चित्र प्रसिद्ध करण्यापूर्वीं संशोधकांचे चार गट एकमेकांशीं चर्चा न करतां तें काढून पाहत होते; चौघांनाही तेजाचें कडें दिसलें तेव्हां कोठें पुढचें पाऊल पडलें. तिसरें व सर्वांत महत्त्वाचें कर्तव्य म्हणजे पांचव्या मापाचें. त्या तिसऱ्या माणसाचा एकट्याचा नमुना पांचव्या भांड्यांत तपासावा. तो निर्दोष निघतांच ‘फार तर एक’ हें गृहीत कोसळतें. पंधरांच्या जागीं पांच तपासण्या झाल्या. दहा तरीही वांचल्याच. डॉर्फमन यानें सदोष मिश्रणांतील प्रत्येकाला पुन्हा तपासण्याची सोय ठेवली होती ती याच कारणासाठीं.

पांचव्या मापास वेळ नाहीं, सांथ दारांत आहे, असें अधिकारी म्हणेल तेव्हां आम्ही त्याला इतकेंच सांगूं कीं, मग त्या माणसाला संशयित म्हणा व काळजीनें वेगळें ठेवा, पण रोगी म्हणून नोंदूं नका. आणि वेळ मिळतांच तें माप घ्या. कारण पहिल्या चार मापांत जें वांचलें तें सर्वांचें वांचलें, आणि जें चुकलें तें त्याच्या एकट्याच्या पदरीं पडलें. म्हणून पांचवें माप मागण्याचा हक्क त्याचा आहे, आणि तें देणें हें बचत करणाऱ्यांचें कर्ज आहे.

जे आंबागडासारख्या ठिकाणीं मेले ते आतां माप मागावयास येणार नाहींत. त्यांचें कर्ज एवढेंच फेडतां येईल कीं, किल्ल्याचा वृत्तांत लिहितांना राजे, सुभेदार व सन यांच्या ओळीखालीं कैद्यांसाठीं एक ओळ ठेवावी. तींत विहीर नोंदावी, पुढची जागा मोकळी सोडावी, आणि ती शून्यानेंही भरूं नये, कल्पनेनेंही भरूं नये.